वाचकांचे प्रश्न : ४,२९,४९,६७,२९७ ला भागणार कोण?

यावेळचे बरेचसे प्रश्न एकाच संख्येभोवती फिरतायत, म्हणून सगळे एकत्रच घेतोय. संख्या आहे ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दर वेळी एवढं लिहिण्यापेक्षा खाली तिला नुसतं 'आपली संख्या' म्हणतो. आणि ^ ही खूण म्हणजे घात, २^५ म्हणजे २ चा पाचवा घात, ३२.

प्रश्न : २^३२ मध्ये १ मिळवला की ही संख्या येते. मी २, ३, ५, ७ असं करत ९७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं, एकानेही पूर्ण भाग जात नाही. म्हणजे ही मूळ संख्या समजायची का? नसेल तर अजून किती पुढे जायचं, काही लिमिट आहे की नाही?

मूळ नाहीये. ६४१ × ६७,००,४१७ केलं की बरोब्बर आपली संख्या येते, पाहिजे तर कागदावर गुणून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

लिमिट आहे. कुठलीही संख्या मूळ नसेल तर तिचा निदान एक अवयव तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच, आणि आपल्या संख्येचं वर्गमूळ ६५,५३६ च्या केसभर पुढे आहे. म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की विषय संपला. पण त्या आहेत ६,५४२! ९७ ही पंचविसावी मूळ संख्या आणि ६४१ ही एकशेसोळावी, म्हणजे तुम्ही अजून ९१ भागाकार रेटले असते तर उत्तर हातात होतं. तुम्ही थांबलात यात काही नवल नाही, पण थांबलो म्हणून संख्या मूळ ठरत नाही, आणि नेमकं याच संख्येच्या बाबतीत हा घोटाळा खूप मोठ्या माणसाचा झालेला आहे.

तो माणूस म्हणजे सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती पिएर द फर्मा. त्याने बघितलं की २^१ + १ = ३, २^२ + १ = ५, २^४ + १ = १७, २^८ + १ = २५७, २^१६ + १ = ६५,५३७, आणि या पाचही मूळ संख्या आहेत. घातांक दर वेळी दुप्पट होतोय हे लक्षात घ्या. मधले घातांक का सोडले असं वाटेल, तर घातांकात एखादा विषम अवयव असला की संख्या हमखास फुटते, म्हणजे २^६ + १ = ६५ ला ५ ने भाग जातो, २^३३ + १ ला ३ ने जातो वगैरे, म्हणून घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असेच घ्यायला लागतात. १६४० मध्ये पत्रांमधून फर्माने लिहिलं की या प्रकारच्या सगळ्याच संख्या मूळ असणार असं मला वाटतं, पुरावा मात्र माझ्याकडे नाही. म्हणून या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात, आणि ० पासून मोजलं तर आपली संख्या पाचवी.

पुढे जवळजवळ नव्वद वर्षं हे असंच पडून राहिलं. १७२९ मध्ये गोल्डबाख या गणितीने ऑयलर या तरुण गणितीला लिहिलेल्या पत्राच्या ताज्या कलमात विचारलं की फर्माचं हे म्हणणं तुम्हाला माहीत आहे का. ऑयलरने आधी फार मनावर घेतलं नाही, मग घेतलं, आणि १७३२ मध्ये, म्हणजे वयाच्या पंचविशीत, सांगून टाकलं की पाचव्याच संख्येला ६४१ ने भाग जातो. फर्माचा अंदाज त्याने स्वतः तपासलेल्या पाच संख्यांच्या पुढच्या पहिल्याच संख्येवर कोसळला.

आता तुमच्या प्रश्नातला खरा मुद्दा, की ६४१ शोधायचा कसा. ऑयलरने ११६ भागाकार केले नाहीत. त्याने आधी विचार केला की आपल्या संख्येला भागणारी मूळ संख्या कशी दिसेल. समजा अशी एक मूळ संख्या प आहे. मग २^३२ ला प ने भागलं की बाकी -१ उरते (कारण त्यात १ मिळवल्यावर पूर्ण भाग जातो). वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता २ चे घात एकामागून एक घेऊन प ने भागत गेलं तर बाक्या ठरावीक घातांनंतर परत परत येतात, आणि हे चक्र इथे नेमकं ६४ लांबीचं आहे. त्याहून लहान असतं तर त्या लांबीने ६४ ला भाग जायला पाहिजे, म्हणजे ती ३२ किंवा १६ किंवा ८ असं काहीतरी असती, आणि मग २^३२ ची बाकी १ आली असती, -१ नाही. दुसरीकडे फर्माचंच छोटं प्रमेय सांगतं की २^(प-१) ची बाकी १ असते. म्हणून प-१ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. संपलं! प ही ६४ च्या पटीत १ मिळवून आलेली संख्याच असणार.

अशा संख्यांची लिस्ट करा : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकारात काम तमाम. नंतर १८७८ मध्ये ल्युकाने दाखवलं की ६४ च्या जागी १२८ सुद्धा चालतं, मग उरतात फक्त २५७ आणि ६४१, आणि त्यातली २५७ तर स्वतःच फर्मा संख्या आहे, तिने भाग जाणारच नाही (का ते खाली बहुभुजाच्या प्रश्नात येतंय), म्हणजे पहिल्याच फटक्यात ६४१!

मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. फर्माला ही ट्रिक माहीत होती. १६४० मध्येच त्याने २^३७ - १ ला २२३ ने भाग जातो हे असल्याच युक्तीने काढलं होतं, भाजक ७४ च्या पटीत १ मिळवून आलेले असणार हे धरून. तीच युक्ती इथे लावली असती तर पाच भागाकारांचा प्रश्न होता. त्याने लावलीच नाही की लावून भागाकारात घसरला, याबद्दल नुसते तर्क आहेत.

दुसरा अवयव ६७,००,४१७ मूळ आहे का असंही तुम्ही नंतर विचाराल, तर हो आहे. त्याचं वर्गमूळ २,५८८ च्या आसपास, आणि १२८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या त्याखालच्या मूळ संख्या फक्त २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. पाचही भागाकार करून बघा, बाकी उरते.

प्रश्न : एवढी मोठी संख्या न भागता, नुसतं डोक्यात, ६४१ ने भाग जातो हे पटवता येतं असं आमच्या सरांनी सांगितलं पण तास संपला. कसं ते सांगाल का?

हे फारच सुंदर आहे, सरांचा तास संपायला नको होता. ६४१ दोन प्रकारे लिही. एक, ६४१ = ५ × १२८ + १, म्हणजे ५ × २^७ + १. दोन, ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४.

पहिल्यावरून ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी -१. त्याचा चौथा घात घे, वजाचं अधिक होतं, म्हणजे ५^४ × २^२८ ची बाकी १. आता दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी -२^४ टाकता येतं. मग -२^४ × २^२८, म्हणजे -२^३२ ची बाकी १. म्हणजेच २^३२ + १ ची बाकी ० आणि झालं. भागाकार एकही नाही. फक्त हे लक्षात ठेव की ही युक्ती ६४१ आधी माहीत असेल तरच चालते, तो शोधायला हिचा उपयोग नाही, शोधायची वाट वरच्या उत्तरात आहे.

झेरा कोलबर्न नावाचा अमेरिकन मुलगा तोंडी हिशोबासाठी प्रसिद्ध होता, १८१२ च्या सुमाराला लंडनमध्ये त्याला हीच संख्या घातली तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या पोराने ६४१ तोंडी सांगितलं अशी नोंद आहे. कसं केलं ते त्याला धड समजावून सांगता येत नव्हतं म्हणे. तुला येतंय, ते जास्त बरं.

प्रश्न : मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. संख्या न असेल तर २^(न-१) ला न ने भागून बाकी काढायची, १ आली तर मूळ. आपल्या या संख्येला माझा प्रोग्रॅम 'मूळ' म्हणतोय. कोड दहा वेळा चेक केला, चूक सापडत नाही.

कोड बरोबर आहे, टेस्ट अपुरी आहे. फर्माचं छोटं प्रमेय म्हणतं की न मूळ (आणि विषम) असेल तर बाकी १ येते. बाकी १ आली म्हणून न मूळ, असं ते कुठेच म्हणत नाही, पण घाईत सगळेच उलटं वाचतात.

आपली संख्या तर या टेस्टला फसवायलाच जन्मली आहे. २^३२ ची बाकी -१, म्हणून २^६४ ची बाकी १, आणि इथे न-१ म्हणजे २^३२, त्याला ६४ ने आरामात भाग जातो, मग २^(न-१) ची बाकी १ येणारच, न मूळ असो वा नसो. आणि हे फक्त हिचंच नाही, प्रत्येक फर्मा संख्या २ च्या टेस्टमध्ये पास होते, मूळ असलेली पण आणि नसलेली पण. अशा सोंगाड्या संख्यांना छद्ममूळ म्हणतात. फर्माने स्वतः हीच टेस्ट केली असेल आणि तिथेच फसला असेल असा काहींचा तर्क आहे, मला तो अगदीच टाकाऊ वाटत नाही.

उपाय साधा आहे, २ च्या जागी ३ घ्या. ३^(न-१) ची बाकी येते ३,०२,९०,२६,१६०. १ नाही, म्हणजे संख्या मूळ नाही, शंभर टक्के. गंमत बघा, इथे एकही अवयव न सापडता संख्या फुटते हे सिद्ध झालं. फर्मा संख्यांसाठी तर पेपँने १८७७ मध्ये याचंच पक्कं रूप दिलं : ३ चा (न-१)/२ वा घात घ्या, बाकी -१ आली तर न मूळ, नाहीतर नाही, दोन्ही बाजूंनी खात्री (३ या पहिल्या फर्मा संख्येलाच हे लागू नाही, तिला ३ नेच भाग जातो). आपल्या संख्येसाठी ती बाकी १,०३,२४,३०३ येते. याच बाकीचा वर्ग करून परत भागलं की वरची ३,०२,९०,२६,१६० मिळते, प्रोग्रॅम तपासायला हे दोन आकडे उपयोगी पडतील.

अजून एक सावधगिरी. चिन्हाशिवायच्या ३२ बिटांच्या पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ आहे, आपली तिच्यापेक्षा बरोब्बर २ ने मोठी. ३२ बिटांच्या खोक्यात ही कोंबायला गेलात तर वरचा १ गळून पडतो आणि उरतो फक्त १, कारण द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे १, मग एकतीस शून्यं, मग १. आणि ६४ बिट घेतले म्हणजे सुटलो असंही नाही, चिन्हासकटच्या ६४ बिटांत जवळपास एवढ्याच दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार कधीकधी मावत नाही, भाषा गप्प बसते आणि बाकी भलतीच येते.

प्रश्न : ही संख्या ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहे हे सरळ दिसतं. दोन वर्गांची बेरीज म्हणून अजून कुठल्या प्रकारे लिहिता येते का, आणि त्याचा काही फायदा?

येते, आणि फायदा मोठा आहे. ६२,२६४ चा वर्ग ३,८७,६८,०५,६९६ आणि २०,४४९ चा वर्ग ४१,८१,६१,६०१. मिळवा. आली ना?

४ ने भागून बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते, दुसरा प्रकार नसतोच. आपल्या संख्येचे दोन प्रकार निघाले, म्हणजे ती मूळ नाही हे इथेच ठरलं. पण पुढे जाऊन या दोन प्रकारांतून अवयवच बाहेर काढता येतात. ६५,५३६ मधून ६२,२६४ वजा केले, ३,२७२ उरले. २०,४४९ मधून १ वजा केला, २०,४४८. या दोघांचा मसावि ८, त्याने भागलं की ४०९ आणि २,५५६. यांच्या वर्गांची बेरीज करा : १,६७,२८१ + ६५,३३,१३६ = ६७,००,४१७. दुसरा अवयव टुणकन हातात!

हे का होतं, तर दोन्ही अवयव स्वतः दोन वर्गांच्या बेरजा आहेत, ६४१ = २५^२ + ४^२ आणि ६७,००,४१७ = २,५५६^२ + ४०९^२. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार परत दोन वर्गांची बेरीज असतो आणि ती दोन प्रकारे मांडता येते, हे ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र. एका प्रकारात २५ × २,५५६ + ४ × ४०९ = ६५,५३६ आणि २५ × ४०९ - ४ × २,५५६ = १०,२२५ - १०,२२४ = १. दुसऱ्यात अधिक-वजा उलटे केले की ६२,२६४ आणि २०,४४९. तो जो निरागस '+ १' आपल्याला पहिल्यापासून दिसत होता तो १०,२२५ आणि १०,२२४ यांच्यातल्या फरकाचा वर्ग आहे, हे मला प्रत्येक वेळी नव्याने भारी वाटतं.

प्रश्न : गाऊसच्या सतरा बाजूंच्या बहुभुजाशी या संख्येचा काही संबंध आहे का?

आहे, पण उलट्या बाजूने. १७९६ मध्ये गाऊसने दाखवलं की सतरा बाजूंचा सुसम बहुभुज नुसती पट्टी आणि कंपास घेऊन काढता येतो. बाजूंची संख्या विषम असेल तर नियम असा की ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असली पाहिजे, किंवा अशी एकच संख्या. दुसऱ्या बाजूचा पुरावा, म्हणजे बाकीचे काढताच येत नाहीत हा, १८३७ मध्ये वाँत्झेलने पुरा केला. आपली संख्या मूळ नाही आणि तिचे अवयवही फर्मा संख्या नाहीत, त्यामुळे एवढ्या बाजूंचा बहुभुज पट्टी-कंपासने निघत नाही.

पण तिच्यातून २ वजा करा. ४,२९,४९,६७,२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७, पाचही मूळ फर्मा संख्या ओळीने! म्हणजे तेवढ्या बाजूंचा काढता येतो (तत्त्वतः, कागदावर ते वर्तुळच दिसेल), आणि विषम बाजूंच्या काढता येण्याजोग्या बहुभुजांपैकी आज माहीत असलेला सगळ्यात मोठा तोच. वर २५७ चं म्हणालो होतो ते यातूनच कळतं : या पाचांपैकी कुणानेही आपल्या संख्येला भागलं तर बाकी २ च उरते, भाग जायचा प्रश्नच नाही.

प्रश्न : ६४१ बद्दल अजून काही? नुसतीच उत्सुकता.

१ ला ६४१ ने भागा. दशांश चिन्हानंतर ०० १५ ६० ०६ २४ ०२ ४९ ६० आणि मग ९९ ८४ ३९ ९३ ७५ ९७ ५० ३९, असे ३२ अंक येतात आणि परत तेच सुरू. पहिले सोळा अंक दुसऱ्या सोळांच्या खाली मांडून मिळवले तर प्रत्येक जागी ९. कारण १०^१६ + १ ला सुद्धा ६४१ ने पूर्ण भाग जातो.

प्रश्न : पाचवीनंतरच्या फर्मा संख्यांचं काय झालं? एक तरी मूळ निघाली का?

आजपर्यंत एकही नाही. सहावी, म्हणजे २^६४ + १, वीस अंकी आहे, तिचे अवयव २,७४,१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१. लँड्रीने ते १८८० मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. सातवी १९७० मध्ये फुटली, आठवी १९८० मध्ये, नववी १९९० मध्ये. पुढे आकार इतका भसाभस वाढतो की बाराव्या संख्येचे सुद्धा सगळे अवयव अजून मिळालेले नाहीत. पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंत सगळ्या संयुक्त आहेत एवढं पक्कं आहे, तेहेतिसावीचा निकाल अजून लागायचाय. विसावी आणि चोविसावी यांची अवस्था तर मजेशीर आहे, पेपँच्या टेस्टने त्या मूळ नाहीत हे सिद्ध झालंय, पण त्यांना भागणारी एकही संख्या (१ आणि ती स्वतः सोडून) अजून कुणाला सापडलेली नाही.